घरातल्या तारेचे पैसे

आमच्या गावात इंटरनेटची तार आली. खांबाखांबाने आली, पिंपळाच्या फांदीखालून आली आणि चावडीसमोर येऊन थांबली. काळी, बारीक तार. सुतळीहून थोडी जाड. पोरे म्हणाली, "एवढीशी तार, आणि हिच्यातून सिनेमा येतो?"

येतो. कसा येतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे पैशाचा हिशेब समजायला ते लागेल.

ह्या तारेत तांबे नसते. आत केसाएवढी बारीक काच असते. काचेच्या एका टोकाला उजेड सोडला की तो दुसऱ्या टोकाला निघतो. तार वळली तर उजेडही तिच्याबरोबर वळतो. अगदी निर्मळ काच केली तर उजेड कोसच्या कोस नेता येईल, हे चार्ल्स काओ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६६ साली दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येई आणि गोगलगाईसारखे चाले. पुढे २०११ साली सरकारने ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. आता ग्रामपंचायतीच्या तारेवरून म्हणा, कंपनीच्या तारेवरून म्हणा, काच आपल्या दारापर्यंत येऊ लागली आहे.

दारापर्यंत आली, ते ठीक. दाराच्या आत कोणी न्यायची? तिचे पैसे कोणी द्यायचे? ह्या एका प्रश्नावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला होता.

आमचे घर जुने. माणदेशात असतात तसे दगडमातीचे, वर माळवद. भिंत दीड हात रुंद. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि परसाकडे एक खोली. त्या खोलीत आमची पुतणी अभ्यास करते. ती नर्सिंगच्या परीक्षेला बसणार होती. तिचे शिकवणीचे वर्ग मोबाईलवर चालत. मोबाईलची रेंज तिला मिळायची ती माळवदावर, भर उन्हात, डोक्यावर टॉवेल घेऊन. म्हणून घरात इंटरनेट घ्यायचे ठरले. दुधाच्या पैशातून चार हजार बाजूला काढले.

जोडणीवाला मुलगा आला. चुणचुणीत होता. म्हणाला, "काका, जोडणी फुकट आहे. फक्त सहा महिन्यांचे पैसे आधी भरा." आम्ही भरले. त्याने खांबावरून तार ओढली, सोप्याच्या चौकटीत भोक पाडले, दाराशेजारी खिळा मारला आणि खिळ्याला पेटी अडकवली. अर्ध्या तासात काम झाले. हिरवे दिवे लागले. सोप्यात बसून पुतणीने वर्ग लावला, तर आरशासारखा स्वच्छ दिसला. सगळे खूश.

ती परसाकडच्या खोलीत गेली, आणि वर्ग बंद पडला.

मुलाला परत बोलावले. तो म्हणाला, "काका, मध्ये तीन भिंती आहेत. पेटीची रेंज एवढ्या दगडातून जायची नाही. आतपर्यंत वायर टाकावी लागेल आणि तिकडे दुसरी पेटी बसवावी लागेल."

"मग टाका की."

"टाकतो. पण ते फुकटात येत नाही."

त्याने कागदावर हिशेब मांडला. तांब्याची लॅन वायर ३० मीटर, दर २० रुपये, झाले ६०० रुपये. दुसरी पेटी १,४०० रुपये. पाईप आणि क्लिपा २५० रुपये. मजुरी ५०० रुपये. एकूण २,७५० रुपये.

आमच्या थोरल्या बंधूंचा पारा चढला. "फुकट म्हणाला होता ना? आता पैसे कसले?" मुलगा म्हणाला, "जोडणी फुकट म्हणालो, वायरिंग फुकट म्हणालो नाही." बंधू म्हणाले, "शब्दाचा खेळ करतोस व्हय!" दोन दिवस घर आणि जोडणीवाला, दोघेही तापलेले. पुतणी बिचारी पुन्हा माळवदावर.

शेवटी पैसे दिले. पण पुढे एका जाणत्या माणसाने घर पाहिले आणि विचारले, "पेटी दारातच का लावली? माजघरात का नाही?" माजघर घराच्या मधोमध. तिथून परसाकडच्या खोलीत जायला मोठे दार आहे, आणि ते दिवसभर उघडे असते. सोप्यापासून माजघर अवघे नऊ मीटर. काचेची तारच नऊ मीटर पुढे नेली असती, तर १२ रुपये दराने १०८ रुपये पडले असते. दुसरी पेटीही लागली नसती. दाराशेजारी पेटी लावली ती त्या मुलाच्या सोयीची जागा होती, आमच्या नव्हे. पण त्याला तरी काय दोष द्यावा? त्याला दिवसात पाच-सहा घरे करायची असतात. आम्ही सांगितले नाही, त्याने विचारले नाही. तार कापून जोड मारल्यावर मग ती लांब करायची म्हणजे नवी तार नाहीतर नवा जोड, आणि काचेचा जोड सुतारकामासारखा हातोडीने होत नाही. त्याला यंत्र लागते.

म्हणून मंडळी, तार घरात शिरण्याआधी घरात एक फेरी मारा. कोण कुठे बसते, कुठल्या खोलीत काम आहे, कुठली भिंत दगडाची आहे, कुठली विटेची, कुठे नुसता पडदा आहे, ते पाहा. पेटी शक्यतो घराच्या मध्ये, छातीइतक्या उंचीवर, मोकळी असावी. कपाटात कोंडू नये. फ्रिजच्या मागे किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवू नये, लोखंड रेंज अडवते. जवळ विजेचा बोर्ड हवा, कारण वीज गेली की पेटीही झोपते. जागा ठरली की तिथे खडूने फुली मारा. मग जोडणीवाल्याला बोलवा.

आता पैशाकडे येऊ. खांबापासून घरातल्या पहिल्या पेटीपर्यंत जी काचेची तार येते, ती बहुधा कंपनीची जबाबदारी असते. पेटीच्या पुढे घरात जी तार फिरते, ती बहुधा आपली. आम्ही दोनदा 'बहुधा' म्हणालो. कारण कंपनीकंपनीचे नियम वेगळे. कोणी म्हणते, अमुक मीटरपर्यंत तार फुकट, पुढे मीटरला इतके रुपये. कोणी म्हणते, वर्षाचे पैसे एकदम भरले तरच फुकट. खांब लांब असला की तिथेही पैसे मागतात. तेव्हा 'फुकट' हा शब्द ऐकला की लगेच विचारावे: काय फुकट? तार किती मीटर फुकट? पुढे काय दर? भिंतीला भोक पाडण्याचे वेगळे पैसे आहेत का? पेटी विकत की भाड्याने? पेटीसाठी अनामत घेतली तर जोडणी बंद केल्यावर ती परत मिळणार का? आणि सांगितलेला आकडा करासह की कराशिवाय? हे शेवटचे विसरू नका. इंटरनेटच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. दरमहा ४०० रुपये म्हणाले, तर कर ७२ रुपये. हातात बिल येते ४७२ रुपयांचे.

विचारायला लाजू नये. आम्ही लाजलो, ते २,७५० रुपयांना पडले.

आता आक्कांची गोष्ट ऐका. आमच्या वाड्याच्या पलीकडे त्या राहतात. वय साठीच्या वर. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या. लेक पुण्याला कामाला असतो. त्याचे तोंड फोनवर दिसावे, एवढीच त्यांची हौस. शिवाय नातू परसातल्या खोलीत अभ्यास करतो, त्याला तिथे इंटरनेट हवे. खोली घरापासून सुटी, मध्ये अंगण. आमची फजिती त्यांनी ऐकली होती. त्यांनी पेटी माजघरात लावून घेतली. अंगणापलीकडच्या खोलीसाठी मात्र लॅन वायर टाकावीच लागणार होती.

जोडणीवाल्याने वायर टाकली. म्हणाला, "मावशी, चाळीस मीटर वायर गेली. पंधरा रुपयांनी सहाशे झाले."

आक्का वायरीजवळ गेल्या. उजेडात धरली. म्हणाल्या, "बाळा, ह्याच्यावर आकडे छापल्यात नव्हं?"

छापलेले होते. लॅन वायरीच्या अंगावर बहुतेक ठिकाणी दर मीटरला एक आकडा छापलेला असतो. आकडे इंग्रजी असतात, पण मोबाईलवरचे आकडे ओळखणाऱ्याला ते ओळखता येतात. आक्कांनी पेटीजवळचे टोक पाहिले. तिथे ५१२ होते. अंगण ओलांडून खोलीतले टोक पाहिले. तिथे ५३८ होते. त्यांनी पाटीवर वजाबाकी मांडली:

५३८ − ५१२ = २६

"सव्वीस मीटर हाय बाळा. चाळीस न्हाई."

मुलगा वरमला. म्हणाला, "मावशी, मी अंदाजाने सांगितले. वळणावळणाने जास्त लागते, टोके कापून वाया जातात."

"टोकं कापली असतील तर मीटर-दोन मीटर धर. चौदा मीटर टोकं कशी रं?"

२६ मीटरचे १५ रुपयांनी ३९० रुपये होतात. ६०० आणि ३९० यांत फरक २१० रुपये. आक्कांनी टोकांचे म्हणून दोन मीटरचे ३० रुपये वर दिले, म्हणजे ४२० रुपये. वर चहा पाजला. मुलाला त्यांनी चोर म्हटले नाही, आणि आम्हालाही तसे म्हणवत नाही. हे लोक घरामागे मजुरी मिळवतात, पुष्कळदा तार मोजायची पद्धतच पाडलेली नसते. पण अंदाज नेहमी एकाच बाजूला का झुकतो, हेही विचारायला हवे. दुकानदाराचा तराजू तरी कुठे आपल्या बाजूला झुकतो?

एक बारकावा ध्यानात ठेवा. काही वायरींवर मीटरऐवजी फुटांचे आकडे असतात. आकड्यापुढे इंग्रजी अक्षरांत तसे छापलेले असते, शाळेतल्या पोराला दाखवावे. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित जास्त. फुटाचा आकडा मीटरच्या दराने लावला, तर तुमचे तिप्पट पैसे जातील.

वायरीचा दुसरा एक फेरा आहे. चांगल्या लॅन वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनचे पीळ घातलेल्या चार जोड्या. त्या अस्सल तांब्याच्या असाव्यात. बाजारात अशीही वायर मिळते की आत अॅल्युमिनियम आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा. दिसायला तशीच, दराला हलकी. ती लवकर तुटते, वाकवली की मोडते, लांब अंतराला नीट चालत नाही. पारख सोपी आहे. उरलेल्या तुकड्यातली एक तार घ्या आणि चाकूने खरवडा. आत लाल दिसली तर तांबे. पांढरी निघाली तर मुलामा. सोने घेताना कस पाहतो, तसाच हा कस. तांब्याचा दर घेतला असेल तर तांबेच मिळाले पाहिजे.

अंगणातून, उन्हातून जाणारी वायर बाहेरच्या कामाची, जाड काळ्या वेष्टनाची मागावी. घरात वापरायची करडी वायर उन्हात पडली की दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. लॅन वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरपेक्षा लांब नसावी. त्यापुढे तिची खात्री नाही. आणि पाऊस-वीज चमकू लागली की दोन्हीकडचे प्लग काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, पण तांब्यातून येते, आणि काचेच्या तारेला आधाराला जी लोखंडी तार असते तिच्यातूनही येऊ शकते. ती लोखंडी तार घराबाहेरच संपवावी, असे जोडणीवाल्याला सांगा.

काचेच्या तारेची काळजी वेगळी. ती तांब्यासारखी दुमडू नये. गाठ मारू नये. तिच्यावर खिळा ठोकू नये. जास्तीची तार गुंडाळून ठेवायची असेल तर वेटोळे बांगडीपेक्षा लहान करू नये. त्याहून लहान केले की उजेड वळणावर बाहेर सांडतो. घरातल्या कर्त्या बायकांना हे माप सांगावे लागत नाही, त्या मनगटाकडे पाहूनच वेटोळे करतात. कापलेल्या तारेच्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. जोडणीच्या वेळी काचेच्या बारीक काड्या जमिनीवर पडतात. त्या पायात शिरल्या तर काढणे कठीण. काम चालू असेपर्यंत रांगते मूल दुसरीकडे न्यावे, आणि काम झाले की चिकटपट्टीने त्या काड्या उचलून घ्यायला सांगावे. केरसुणीने झाडू नये, त्या घरभर पसरतात.

विजेची वायर आणि ही वायर एका पाईपमधून नेऊ देऊ नये. जोडणीवाला म्हणेल, "पाईप आहेच तर त्यातूनच टाकतो, पैसे वाचतील." नको म्हणावे. विजेच्या वायरीचे कातडे फाटले तर तांब्याच्या लॅन वायरीत वीज उतरते, आणि ती पोराच्या हातातल्या यंत्रापर्यंत जाते. वेगळा पाईप किंवा वेगळी पट्टी लावावी. तिचे जे काय पन्नास-शंभर रुपये होतील ते द्यावेत.

नवे घर बांधत असाल, घरकुल मंजूर झाले असेल, तर गिलावा होण्याआधी गवंड्याला सांगून भिंतीत एक रिकामा पाईप टाकून ठेवा. सोप्यापासून माजघरापर्यंत, जमले तर मागच्या खोलीपर्यंत. पाईपमध्ये एक बारीक तार ओवून दोन्ही टोके बाहेर ठेवा, म्हणजे पुढे वायर तिला बांधून ओढता येते. कोपऱ्यावर काटकोन नको, गोल वळण असू द्या. आज लागणार नाही, पण गिलावा फोडण्याची पाळी येणार नाही. भाड्याच्या घरात मात्र भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाला विचारावे, आणि घर सोडताना वायर कोणाची ते आधीच ठरवून घ्यावे. आमच्या ओळखीच्या एकाने स्वतःच्या पैशाची वायर सोडली, आणि मालकाने वर भोक बुजवण्याचे पैसे कापले.

बिघाड झाला तर पैसे कोणी द्यायचे, हा पुढचा वाद. तेथे पेटीवरचे दिवे साक्ष देतात. पेटीवर एक दिवा असा असतो की काचेतला उजेड येईनासा झाला की तो लाल होतो. जोडणीच्या दिवशीच विचारून घ्या तो कोणता, आणि त्याच्याशेजारी रंगाचा ठिपका द्या. तो लाल झाला म्हणजे उजेड पेटीपर्यंत पोचत नाही. तार बाहेर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, फांदी पडली असेल. कंपनीला कळवा. तुम्ही स्वतः तार तोडली नसेल, तर लगेच पाकिटाला हात घालू नका. लाल दिवा नाही, सोप्यात इंटरनेट चालते आणि मागच्या खोलीत चालत नाही, तर बिघाड आपल्या घरातल्या वायरीत आहे. तो खर्च आपला. तक्रार केली की तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहा. क्रमांकाशिवाय तक्रार म्हणजे हवेतली हाक. कंपनी दाद देईना, तर तिच्याकडेच वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करण्याची सोय असते. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

राहिली पावती. आमच्या २,७५० रुपयांची पावती नव्हती. त्या मुलाने कागदावर हिशेब केला आणि कागद स्वतःच्या खिशात घातला. चार महिन्यांनी दुसरी पेटी बंद पडली. दुकानदार म्हणाला, पावती आणा, बदलून देतो. पावती कुठून आणणार? पुतणीची परीक्षा तोंडावर आली होती. नवीन पेटी घेतली, पुन्हा १,४०० रुपये. परीक्षा ती पास झाली, म्हणून त्या पैशाचे दुःख घरात कोणी काढत नाही. बंधू तेवढे अधूनमधून काढतात.

आक्कांनी मात्र ४२० रुपये देण्याआधी पाटी पुढे सरकवली. म्हणाल्या, "ह्याच्यावरचं कागदावर उतरव. किती मीटर, काय भाव, कुठल्या जातीची वायर, तारीख, आन् खाली तुझी सही." मुलाने सगळे लिहिले. आक्कांनी एकेक अक्षर बोट ठेवून वाचले. 'मीटर' मधला रफार त्या शोधू लागल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, "मावशी, मीटरला रफार नसतो." दोघेही हसले. कागद त्यांनी घडी करून बिस्किटाच्या डब्यात, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवला.

संध्याकाळी लेकाचा फोन आला. तो तोंड दाखवून बोलू लागला, तर आक्का आधी म्हणाल्या, "थांब, पयला मी तुला पावती वाचून दाखवते."